एकशे ब्याऐंशी दिवस

वर्षातले एकशे ब्याऐंशी दिवस ज्यानं या देशात काढलेत
असा एक तरी माणूस लागतो म्हणे संचालकांत.
सीए बिराजदार हसले, "अंबादासराव,
तुम्ही तर बासष्ट वर्षं काढलीत."
एवढीच माझी पात्रता.
हैदराबादला दोनदा गेलो, दोन्ही वेळा मयतीला,
आणि तिसऱ्या दिवशी परत.

त्याआधी मी हेडक्लार्क. अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
सुताच्या गाठींची आवक-जावक लिहायचो.
कारखाना विकला तेव्हा साठ लूम, एक बॉयलर,
तयार टॉवेल, अर्धे टॉवेल,
ऑफिसातला मार्कंडेयाचा फोटो,
सगळ्याची यादी मीच केली.
यादीखाली सहीपुरता मी उरलो.

घेणारे बेल्जियमचे.
नवी पेठेतल्या ऑफिसात बिराजदारांनी
एकोणीस कागदांवर सह्या घेतल्या.
विसावा राजीनामा.
कारण: वैयक्तिक. तारखेची जागा कोरी.
"फॉर्मॅलिटी हो," म्हणाले, आणि चहा सांगितला.
माझी डिजिटल सही बोटाएवढी आहे,
ती त्यांच्याच ड्रॉवरमध्ये राहते, स्टेपलरशेजारी.
रात्री जाग आली की वाटतं,
आत्ता मी कशावर सही करत असेन?

महिन्याला बारा हजार.
विडी घरकुलातली मेहुणी विचारते,
"डायरेक्टर? कुठल्या पिक्चरचा?"
घरात आम्ही तेलुगू बोलतो. त्यातही या शब्दाला
दुसरा शब्द सापडला नाही.

मीटिंग मोबाइलवर. तिथं दुपार, इथं दिवेलागण.
त्या दिवशी नेमकं पाणी आलं, चार दिवसांनी.
बायको म्हणाली, "आधी पाइप धरा."
एका हातात पाइप, एका हातात मोबाइल,
पिंपात पाणी पडतंय, त्यात इंग्रजी पडतंय,
ठराव क्रमांक सात, मेंडिंग, आउटसोर्स, काहीतरी.
साहेबांनी विचारलं, कोण कोण अनुकूल?
चार चौकोनांत चार हात वर झाले.
माझा पाइपवरचा सुटत नव्हता,
म्हणून मी मोबाइलच वर केला.
त्यांना माझ्या घराचे पत्रे दिसले असतील.
एकमतानं मंजूर.

पंधरवड्यानं दारात बायका.
रेणुका म्हेत्रे, बिस्मिल्ला शेख, पार्वती गड्डम,
मागं आणखी वीस.
टॉवेलातला तुटलेला धागा
बोटाच्या टोकानं ओळखणाऱ्या.
पार्वती माझ्या लग्नात वाढायला होती.
म्हणाली, "कागदावर तुझं नाव आहे बे अंबादास.
तूच काढलास का आम्हाला?"

मी म्हणालो, मी पाणी भरत होतो.

खरंच भरत होतो.
कुणीच काही बोललं नाही.
बायकोनं आतून तांब्या आणला, पेले आणले,
त्यांनी पाणी पिऊन पेले पालथे घातले
आणि गेल्या.

मग नोटीस. श्री. अंबादास राजेशम येमूल, संचालक,
यांनी स्वतः हजर राहावे.
बिराजदार म्हणाले, "तुम्ही कशाला? वकील जाईल."
म्हणालो, मग राजीनाम्यावर तारीख टाकू द्या.
म्हणाले, "ती तुम्ही नाही टाकायची. ते टाकतील,
त्यांना लागेल तेव्हा."

कामगार कार्यालयात पंखा होता, फिरत नव्हता.
मी जुनी पगाराची वही घेऊन गेलो होतो,
तेवीस नावं, माझ्या अक्षरात,
कोण कधी लागली, कुणाची किती रजा शिल्लक.
बाकावर गर्दी. बिस्मिल्ला जराशी सरकली,
मग रेणुका, मग पार्वतीही.
तेवढ्या जागेत बसलो.

शिपायानं दारातून ओरडून विचारलं,
"कंपनीतर्फे कोण आलंय?"

बाकावरच्या सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.
वही मांडीवर होती.
ती पार्वतीकडं दिली
आणि उभा राहिलो.